अक्कलदाढ आणि मिश्रीची डबी

दाढदुखीवर आपल्याकडे औषधांना काही तोटा नाही. लवंग धर, कापूर ठेव, हिंगाची गोळी दाब, आणि काहीच लागू पडलं नाही तर चिमूटभर मिश्री लाव. आमच्या थोरल्या जाऊबाईंनी तीन वर्षं याच औषधांवर काढली. कांदे निघाले की दाखवू, धाकटीचं लग्न उरकलं की दाखवू, ऊस कारखान्याला गेला की दाखवू. बाईच्या दुखण्याला मुहूर्त फार लागतात बघा. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी त्यांचा गाल एवढा सुजला की तोंडात बोट जाईना. तेव्हा कुठे मी, त्या आणि त्यांची सून अशा तिघींनी सोनईहून घोडेगावमार्गे नगर गाठलं. (कागदोपत्री २०२४ पासून अहिल्यानगर झालंय, पण आमची जुनी जीभ अजून नगरच म्हणते.)

डॉक्टरबाईंनी सगळ्या जबड्याचा एक्स-रे काढला आणि उजेडावर धरून आम्हाला दाखवला. अक्कलदाढ साधारण १७ ते २५ या वयात येते, सगळ्यांच्या शेवटी. तोवर जबड्यात जागाच उरलेली नसते. मग एसटीत शेवटी चढलेल्या माणसासारखी ती मिळेल तिथे, मिळेल तशी घुसते. जाऊबाईंची दाढ हिरडीखाली चक्क आडवी झोपली होती आणि पुढच्या चांगल्या दाढेला ढुशी देत होती. वरच्या फटीत अन्न अडकून पू झाला होता. आधी पाच दिवस गोळ्या घेऊन सूज उतरवायची, मग हिरडी उघडून दाढ काढायची, असं ठरलं.

मग डॉक्टरबाईंनी एक कागद पुढे ओढला आणि प्रश्न सुरू केले. बीपी आहे का? शुगर? कुठली गोळी चालू आहे? कशाची ॲलर्जी? आणि शेवटी, "तंबाखू, मिश्री काही?"

"नाही," जाऊबाई ठामपणे म्हणाल्या.

मी त्यांच्या शेजारीच बसले होते. पहाटे उठल्याबरोबर एकदा, दुपारी जेवणावर एकदा आणि निजताना एकदा, अशी त्यांची मिश्री मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून पाहतेय. पण पलीकडे सून बसलेली. नव्या सुनेपुढे सासूचं कसं उघडं पाडायचं? मी गप्प बसले. बचत गटात व्यसनमुक्तीवर बोलणारी मी, ऐन वेळी माझीच जीभ बधिर झाली.

त्या कागदाचं महत्त्व तेव्हा मला पुरतं कळलं नव्हतं. आपल्याला वाटतं, तयारी म्हणजे पैसे घेतले, सोबत कुणीतरी घेतलं, झालं. खरी तयारी या प्रश्नांची खरी उत्तरं देण्यात असते. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ते सांगायलाच हवं, आणि ती आपल्या मनाने बंदही करायची नाही. बीपीची गोळी त्या दिवशीही घ्यायची. साखर वाढलेली असेल तर जखम लवकर भरत नाही, म्हणून ती आधी तपासतात. दिवस गेले असतील, बाळ अंगावर पीत असेल, हाडांच्या ठिसूळपणावर औषध किंवा इंजेक्शन चालू असेल, तर तेही सांगावं. एक गोष्ट तर बायकांनी कधीच सांगितलेली मी ऐकली नाही, ती म्हणजे पाळणा लांबवायच्या गोळ्या. माला-डी सारख्या गोळ्या चालू असताना दाढ काढली तर जखम कोरडी पडून ठणकण्याचा धोका वाढतो. पण तो विषय नवऱ्यासमोर, सासूसमोर निघायचा कसा! डॉक्टरांशी दोन मिनिटं एकटीने बोलायचंय, असं सरळ म्हणावं. कुणी खात नाही आपल्याला.

आणि जेवणाचं विचारून घ्यावं. माझी स्वतःची अक्कलदाढ काढली तो शनिवार होता. शिंगणापूर आमच्या शेजारी, त्यामुळे शनिवारचा उपास घरोघर. त्यात 'ऑपरेशन' म्हटल्यावर पोट रिकामंच हवं, हे माझं बी.ए. पर्यंतचं शहाणपण. खुर्चीत बसले, सुई पाहिली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. डॉक्टर हसले आणि म्हणाले, "बाई, तेवढ्या जागेपुरतीच भूल द्यायची असली की पोटभर खाऊन यायचं. पूर्ण भूल द्यायची असेल तरच उपाशी, आणि किती तास ते आम्ही सांगतो." मग लिंबूसरबत पाजून पुन्हा बसवलं.

बाकी त्या खुर्चीला फार भिऊ नये. अमेरिकेत १८४४ साली होरेस वेल्स नावाच्या दंतवैद्याने हसवणाऱ्या वायूचा प्रयोग आधी स्वतःवर करून घेतला आणि स्वतःची दाढ काढून घेतली. दोनच वर्षांनी विल्यम मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्याने इथरची भूल मोठ्या शस्त्रक्रियेत सगळ्यांसमोर देऊन दाखवली. आता तर एका इंजेक्शनने अर्धा जबडा दोन-चार तास बधिर होतो. दाब कळतो, ओढल्यासारखं वाटतं, पण दुखत नाही. जाऊबाईंना पाऊण तास लागला. बाहेर आल्या त्या तोंडात गॉजची घडी घट्ट दाबून, रुबाबात.

घरची तयारी मी आधीच केली होती. भाकरी तीन दिवस सुनेने थापायच्या, गोठ्यातलं दिराने बघायचं, हे जाऊबाईंसमोरच बोलून घेतलं. नाहीतर बाई दुपारी टाके घालून येते आणि संध्याकाळी चुलीपुढे वाकलेली दिसते. वाकलं, हंडा उचलला की जखमेतून रक्त पुन्हा सुरू होऊ शकतं. निजतानाही डोक्याखाली दोन उशा घ्याव्यात. फ्रीजमध्ये बर्फ लावून ठेवला होता. दही, गार केलेली खीर, मऊ गुरगुट्या भात, रव्याची पेज, कुस्करलेलं केळं असा बेत होता. चिवडा, पापड, तिळाची चटणी, भाजलेले शेंगदाणे वरच्या फळीवर गेले, कारण त्यांचे कण जखमेत जाऊन बसतात. मिरचीचा ठेचाही वर गेला, तेव्हा जाऊबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की काय सांगू.

डॉक्टरबाईंनी सांगितलेलं मी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं होतं. घडी तासभर दाबून धरायची, सारखी उघडून बघायची नाही. पहिले चोवीस तास थुंकायचं नाही, गुळण्या नाहीत, नळीने ओढून प्यायचं नाही. दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गाठ धरते, तीच हाडावरचं झाकण. थुंकल्याने, चुळा भरल्याने ते झाकण निघून येतं. लाळेत थोडं रक्त दिसलं तर गिळून टाकायचं, घाबरायचं नाही. भूल उतरेपर्यंत गरम चहा नाही, कारण ओठ भाजला, चावला तरी कळत नाही. पहिल्या दिवशी बर्फ फडक्यात गुंडाळून बाहेरून गालावर थोडा वेळ धरायचा, थोडा वेळ काढायचा. दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून, तोंडात नुसतं घोळवून हळूच सोडायचं, दिवसातून चार-पाचदा, खाल्ल्यावर तर नक्कीच. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते. ती पाहून धीर सोडू नये, तिथून ती उतरते. तोंड काही दिवस कमी उघडतं, जबडा आखडतो. टाके साधारण आठवड्याने काढतात. काही टाके आपोआप विरघळतात.

पण आपल्याकडे आजारी माणसापेक्षा भेटायला येणाऱ्यांचं बळ जास्त. एकजण म्हणाली, विटकर तापवून शेक. दुसरी म्हणाली, हळद भर खड्ड्यात. तिसरीने तर पर्समधून गोळी काढली आणि म्हणाली, ही चुरून हिरडीवर ठेव, लगेच उतार पडतो. अहो, अशी वेदनाशामक गोळी हिरडीवर ठेवली तर कातडी भाजते! तिघींना मी चहा पाजून वाटेला लावलं.

तिसऱ्या रात्री जाऊबाई उठून बसल्या. उतरत चाललेलं दुखणं एकदम वाढलं होतं. कानापर्यंत ठणका, तोंडाला वास, गोळीचा गुण नाही. पहाटेपर्यंत त्या ओसरीवर फेऱ्या मारत होत्या. मी जवळ जाऊन बसले. एकट्याच होतो. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "लावली गं मी. काल बी लावली. तिच्याबिगर पोट साफ होत नाही, डोकं धरतं. दुसऱ्या बाजूने लावली, पण..." आणि रडायला लागल्या. त्या माउलीला दुखण्यापेक्षा सुनेला कळेल याचंच भय जास्त होतं.

सकाळी पुन्हा नगर. या वेळी मी आत जाऊन सगळं सांगितलं. आधी गप्प बसले तेही सांगितलं. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. जखमेतली गाठ निघून गेली होती आणि हाड उघडं पडलं होतं. तंबाखूने जखम भरायला वेळ लागतो आणि असं होण्याचा धोका वाढतो, म्हणून तर विचारलं होतं, एवढंच त्या म्हणाल्या. खड्डा धुऊन औषधाची पट्टी भरली, तासाभरात ठणका निम्म्यावर आला. मग त्यांनी आरसा घेऊन दुसरा गाल ओढून पाहिला. रोज मिश्री जिथे जिरते, तिथे एक पांढरा डाग होता. पुसला जात नव्हता. दोन आठवड्यांनी तो तसाच राहिला, तेव्हा त्यांनी चिठ्ठी देऊन लोणीला पाठवलं.

लोणीला प्रवरेचं ग्रामीण दंत महाविद्यालय आहे, राहुरीवरून गाडी मिळते. तिथे शिकाऊ डॉक्टर पोरीने पुन्हा तोच कागद काढला. तंबाखू, मिश्री काही? मी जाऊबाईंकडे पाहिलं. सून शेजारीच होती. त्या म्हणाल्या, "लिही बाई. मिश्री. अठ्ठावीस वर्षं."

डागाचा छोटा तुकडा काढून तपासायला गेला. अहवाल यायला आठ दिवस लागले. ते दिवस कसे गेले ते लिहीत नाही.

तोंडाच्या कर्करोगाचं नाव निघालं की आपल्याला मोठी माणसं आठवतात. शरद पवारांवर २००४ साली शस्त्रक्रिया झाली, आणि सुपारी-तंबाखूच्या सवयीची खंत त्यांनी पुढे जाहीरपणे बोलून दाखवली. ग्रामस्वच्छता अभियानाने गावंच्या गावं झाडायला लावणारे आर. आर. पाटील २०१५ च्या फेब्रुवारीत गेले, अवघ्या ५७ व्या वर्षी. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली. पण हे सगळं आपल्याला पुरुषांचं वाटतं. मिश्रीला आपण व्यसन म्हणतच नाही, दात घासणं म्हणतो. २०१६-१७ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १७ टक्के प्रौढ बायका कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरताना आढळल्या. त्यातल्या किती जणींनी डॉक्टरांपुढे 'नाही' म्हटलं असेल?

घरी बसून एवढं तरी बघता येतं. आपली तीन बोटं उभी एकावर एक धरून तोंडात जातात का? कुठे पुसला न जाणारा पांढरा किंवा लाल डाग आहे का? दोन आठवड्यांत न भरलेलं तोंड आलंय का, चांगला दात उगीच हलतोय का? असेल तर नुसता दात उपटून मोकळं होऊ नका, तोंड नीट तपासून घ्या. तोंडाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रिया महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतात. आणि सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ या नंबरवर फुकट फोन करता येतो. दाढ काढल्यावर मात्र अर्धा-एक तास दाबूनही रक्त थांबेना, ताप भरला, तिसऱ्या दिवसानंतरही सूज वाढतच चालली, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला, तर सकाळची वाट पाहू नये.

जाऊबाईंचा अहवाल आला. कर्करोग नव्हता. डाग मात्र आहे, मिश्री बंद करायची आणि दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं, असं सांगितलंय. पहिल्या आठवड्यात त्यांनी घरात सगळ्यांशी भांडण काढलं. आता सकाळी बडीशेप चघळतात, गरम पाणी पितात. अधूनमधून चुकतं, पण चुकलं की सांगतात, तेही सुनेला. तीच त्यांची लोणीची तारीख कॅलेंडरवर गोल करून ठेवते, माझ्या त्या जुन्या यादीच्या पुढच्या बाजूला.