उत्तरेच्या जंगलाची मोजणी किनाऱ्यावर

स्वीडनमधली स्प्रूस आणि पाइनची जंगलं शरद ऋतूत मुकी होतात. वीण उरकलेली असते, नर गाणं थांबवतात आणि एवढ्या अफाट रानात फांदीआडचा पक्षी मोजणं जवळजवळ अशक्य होतं. त्या जंगलात यंदा किती पिल्लं जगली हे जाणून घ्यायचं असेल, तर देशाच्या नैर्ऋत्य टोकाला, फाल्स्टर्बोच्या किनाऱ्यावर उभं राहावं, असं माझं ठाम मत आहे. दक्षिणेकडे निघालेले पक्षी किनाऱ्याच्या कडेकडेने येत या चिंचोळ्या भूशिरावर एकवटतात; पुढे समुद्र, पलीकडे डेन्मार्क. बाज आणि घारींच्या कुळातल्या पक्ष्यांना वर चढणाऱ्या गरम हवेचा आधार लागतो. तो पाण्यावर मिळत नाही, म्हणून होईल तेवढी वाट ते जमिनीवरूनच कापतात. युरोपीय मधुबाजाचे प्रौढ पक्षी ऑगस्टअखेरीस निघतात, तर त्याच वर्षी जन्मलेली पिल्लं सप्टेंबरात, आईबापांच्या सोबतीशिवाय. त्यामुळे जुनी पिढी आणि नवी पिढी वेगवेगळी मोजता येते.

यावर रास्त आक्षेप असा, की ही सगळी वाऱ्याची किमया आहे. समोरून वारा असला की पक्षी खालून उडतात आणि दिसतात. पाठीशी वारा असला की इतक्या उंचावरून जातात, की नजरेला सापडत नाहीत. हे खरंच आहे, आणि म्हणून एका दिवसाच्या, किंबहुना एका वर्षाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये. पण फाल्स्टर्बोला 1973 पासून दर शरदात ठरलेल्या पद्धतीने मोजणी होते. 1980 पासून पक्ष्यांना जाळ्यात पकडून पायात कडी घालण्याचं कामही तसंच चालतं; रात्री प्रवास करणारे छोटे पक्षी त्यातून कळतात. इतक्या वर्षांत वाऱ्याची लहर बरीचशी फिटून जाते आणि मागे उरतो तो खरा चढ-उतार. अशा नोंदींचं मोल अमेरिकेतही सिद्ध झालं आहे. पेनसिल्व्हेनियातल्या हॉक माउंटनवरच्या शरदातल्या मोजणीत बाल्ड ईगलची पिल्लं कमी होत गेल्याचं दिसलं, आणि रेचल कार्सन यांनी 1962 च्या ‘सायलेंट स्प्रिंग’मध्ये तो पुरावा कीटकनाशकांविरुद्ध मांडला.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. उत्तरेचे सगळेच पक्षी नैर्ऋत्येला जात नाहीत. रेड-ब्रेस्टेड फ्लायकॅचर हा तांबूस गळ्याचा चिमुकला माशीमार आणि फिनलंडमध्येही वीण करणारा ब्लाइथ्स रीड वॉर्बलर आग्नेयेची वाट धरून हिवाळ्यासाठी भारतात येतात. महाराष्ट्रातल्या झाडीझुडपांतही ते उतरतात. त्यांचा हिशेब फाल्स्टर्बोला लागणं कठीण. तो इथेच ठेवायला हवा. म्हणून दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या परिसरात हे पक्षी पहिल्यांदा कधी दिसले, किती दिसले, याची तारीखवार नोंद ‘ई-बर्ड’ या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर दरवर्षी करा, आणि जागा शक्यतो बदलू नका.