मोटारीचा धूर काय सांगतो?

चूल पेटवताना आपण फुंकणीने वारा घालतो. वारा कमी पडला, की लाकूड धुमसते. घरभर धूर होतो आणि सरपण फुकट जाते. मोटारीच्या इंजिनाचेही तसेच आहे. १ किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा कमी पडली, तर पेट्रोल अर्धवट जळते. आपला पैसा धुरावाटे जातो.

आमटी चाखल्याशिवाय मीठ कळत नाही. तसा इंजिनाचा धूर चाखणाराही एक आहे. त्याचे नाव ऑक्सिजन सेन्सर. जर्मनीच्या बॉश कंपनीने तो बनवला. १९७६ साली तो स्वीडनच्या व्होल्वो गाडीत बसवला गेला. आपल्याकडे पेट्रोल इंजेक्शनच्या गाड्या आल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर तोही आला.

हा सेन्सर धुराच्या नळीत आट्यांनी बसवलेला असतो. त्याच्या एका बाजूला धूर लागतो, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जितका फरक, तितकी वीज तो तयार करतो. पेट्रोल जास्त झाले, तर ०.९ व्होल्टच्या आसपास. हवा जास्त झाली, तर ०.१ व्होल्टच्या आसपास. हा निरोप गाडीतल्या संगणकाला जातो आणि तो पेट्रोल कमी-जास्त करतो.

आता समजा, जुनी गाडी पेट्रोल जास्त खाऊ लागली. कोणी म्हणतो, "सेन्सर गेला, बदलून टाका." थांबा! आधी तपासा. निरोप्या खोटा आहे, की निरोपच वाईट आहे, हे नको का बघायला?

तपासणी अशी करावी :

१. गाडी उघड्यावर उभी करा, बंद शेडमध्ये नको. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. पण तो जीव घेतो. गियर काढा, हातब्रेक ओढा.

२. इंजिन १०-१५ मिनिटे चालू ठेवा. सेन्सर सुमारे ३०० अंश तापल्याशिवाय काम करीत नाही. नळी भाजते, हात जपा.

३. आकडे दाखवणारा डिजिटल मीटर घ्या. तो डी.सी. २ व्होल्टवर लावा. जुना काट्याचा मीटर नको, तो चुकीचे माप दाखवतो. लाल टोक सेन्सरच्या निरोपाच्या तारेला, काळे टोक इंजिनाच्या अर्थला. सेन्सरला चार तारा असल्या, तर त्यांतल्या दोन त्याला तापवणाऱ्या असतात. निरोपाची तार कोणती, ते गाडीच्या पुस्तकात बघून घ्या. तार तोडू नका, जोडही सोडवू नका.

४. इंजिन थोडे वेगात ठेवा, मिनिटाला सुमारे २,००० फेरे. आकडा ०.१ आणि ०.९ यांच्या दरम्यान सारखा वर-खाली झाला पाहिजे.

५. ॲक्सिलरेटर एकदम दाबा. आकडा वर गेला पाहिजे. एकदम सोडा. आकडा खाली आला पाहिजे. असे झाले, तर सेन्सर जिवंत आहे. दोष दुसरीकडे शोधा.

आकडा ०.४५ च्या आसपासच अडून राहिला, तर सेन्सर तापत नसेल, तार तुटली असेल किंवा सेन्सर मेला असेल. आकडा कायम खालीच राहिला, तर घाई नको. सेन्सरच्या अलीकडे धुराच्या नळीला भोक असले, तर बाहेरची हवा आत शिरते. एखादा प्लग नीट पेटत नसेल, तर न जळलेली हवा तशीच नळीत येते. तो बिचारा खरेच सांगत असतो! आकडा कायम वरच राहिला, तर इंजेक्टर गळत नाही ना, ते बघा.

पण सेन्सर खरोखरच गेला असेल, तर चालढकल करू नका. जास्तीचे पेट्रोल न जळता पुढे जाते. ते धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळते आणि तो जळून निकामी होतो. तो सेन्सरपेक्षा कितीतरी महाग असतो.

म्हणून मिस्त्रीकडे गेलात, तर एवढेच विचारा, "मीटर लावून पाहिलंत का? आकडा किती आला?" आकडा आता तुम्हाला वाचता येतो. तो स्वतःच्या डोळ्यांनी वाचा आणि मगच खिशात हात घाला.