शाळा-संकुलाच्या नव्या इमारतीतील वायुरोधन व टिकाऊपणा

वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून निर्माण झालेल्या प्राणहितेच्या पश्चिमेस बेज्जूर हे गाव आहे. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात असलेले हे गाव २०१६ पासून कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडते. येथील उन्हाळा कडक आणि पावसाळा जोरदार. अशा ठिकाणी निवासी शाळेचे संकुल उभारताना भिंती व छपराकडे जितके लक्ष पुरविले जाते, तितके फटींकडे दिले जात नाही. इमारतीच्या ऱ्हासास प्रारंभ मात्र पुष्कळदा फटीपासूनच होतो.

वाऱ्याच्या दाबामुळे चौकटीभोवतालच्या फटीतून पावसाचे पाणी आत ओढले जाते. ते लिंटलच्या सळईपर्यंत पोचले की सळई गंजते, गंजामुळे फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटू लागतात. वातानुकूलित संगणक-कक्षात बाहेरची दमट हवा शिरल्यास थंड पृष्ठभागावर दव जमून बुरशी धरते.

चौकट बसविल्यावर तिच्या कडा सिमेंटने लिंपण्याची पद्धत सर्रास आढळते. ती सोयीची खरी, पण टिकाऊ नव्हे. ॲल्युमिनियम काँक्रीटच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. तापमानात ४० अंश सेल्सिअसचा फरक पडल्यास दोन मीटर लांबीची पट्टी जवळजवळ दोन मिलिमीटर वाढते, काँक्रीट त्याच्या निम्मेच. दोन-तीन उन्हाळ्यांत ते लिंपण तडकणारच. म्हणून सांध्यात फोमची दोरी दाबून त्यावर सिलिकोनसारखे लवचिक पूरण भरावे. हे पूरण चौकट व भिंत या दोनच बाजूंना चिकटावे. तळाशीही चिकटल्यास ताण पडून ते फाटते. जमीन काळी असल्यास पायाच्या रचनेतच तिच्या फुगण्या-आकसण्याचा विचार हवा, अन्यथा वरचे सारे पूरण व्यर्थ होय. कोरड्या, उष्ण हवेत काँक्रीटवर किमान १० दिवस पाणी मारावे, असे भारतीय मानक ४५६ मध्ये सांगितले आहे.

वायुरोधनाची परीक्षा सोपी आहे. दारात पंखा बसवून आत व बाहेर ५० पास्कलचा, म्हणजे सुमारे पाच मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका, दाबफरक निर्माण करतात. उदबत्तीचा धूर जेथे वळतो तेथे फट समजावी. सांधे झाकले जाण्यापूर्वीच ही परीक्षा उरकणे इष्ट.

वायुरोधनाची परमावधी पुण्यातील पाषाण येथे पाहावयास मिळते. राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या तेथील संकुलात २०१२ मध्ये उद्घाटन झालेल्या अतिसुरक्षित प्रयोगशाळेत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी राखतात आणि बाहेर जाणारी हवा गाळूनच सोडतात. भिंतीतून जाणारी प्रत्येक नळी व तार तेथे काटेकोर बंद करावी लागते. शाळेत नेमक्या याच जागा दुर्लक्षित राहतात.

वर्गाला इतकी बंदिस्ती मात्र नको. चाळीस मुलांच्या श्वासोच्छ्वासास ताजी हवा लागतेच, आणि वीज गेली की उघडणारी खिडकी हाच आधार उरतो. फट बुजवावी, खिडकी नव्हे. जेथे लाकूड जळते त्या स्वयंपाकघरास तर धुराचे मोकळे निर्गमनद्वार हवेच. कोंडलेला कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक असतो.

उन्हामुळे पूरण कडक होत जाते. सांधे हाताला येतील असेच ठेवावेत आणि दरवर्षी मृगापूर्वी बोटाने दाबून पाहावेत. सुटलेला भाग खरवडून पुन्हा भरावा. या कामाची तरतूद मूळ अंदाजपत्रकानंतरच्या देखभाल-खर्चात स्वतंत्रपणे दाखविलेली असावी.