चित्रपट तबकडी : विभेदन व संपीडन

चित्रपट किंवा अन्य चलच्चित्रण अंकीय रूपात साठवून ते घरच्या दूरचित्रवाणी संचावर पाहता यावे यासाठी वापरण्यात येणारी १२ सेंमी. व्यासाची प्लॅस्टिकची चकती म्हणजे चित्रपट तबकडी होय. व्हीसीडी (१९९३), डीव्हीडी (१९९६), ब्ल्यू-रे (२००६) व अतिउच्च विभेदनाची ब्ल्यू-रे (२०१६) हे तिचे प्रमुख प्रकार आहेत. पडद्यावरील चित्राची प्रत मुख्यत्वे दोन बाबींवर अवलंबून असते : विभेदन म्हणजे चित्रातील बिंदूंची संख्या आणि संपीडन म्हणजे त्या बिंदूंची माहिती थोड्या जागेत बसविण्याची क्रिया. वेष्टनावर बहुधा पहिलीच बाब छापलेली असते. परंतु पुष्कळदा दुसरीच निर्णायक ठरते.

विभेदन : प्रत्येक चौकट चित्रबिंदूंच्या आडव्या ओळींनी बनलेली असते. भारतात १९८२ मध्ये रंगीत दूरचित्रवाणी सुरू झाली, तेव्हा पाल ही पद्धती स्वीकारण्यात आली. तीत सेकंदाला २५ चौकटी असतात व प्रत्येक चौकटीत ५७६ दृश्य ओळी असतात. या पद्धतीच्या डीव्हीडीवर एका चौकटीत ७२० × ५७६ चित्रबिंदू असतात. व्हीसीडीवर ते ३५२ × २८८ म्हणजे सुमारे चौथा हिस्सा असतात. ब्ल्यू-रेवर १,९२० × १,०८० म्हणजे डीव्हीडीच्या पाचपट व अतिउच्च विभेदनाच्या तबकडीवर ३,८४० × २,१६० चित्रबिंदू असतात.

साठवणक्षमता : माहिती सूक्ष्म खळग्यांच्या सर्पिल मार्गावर नोंदलेली असून ती लेसर शलाकेने वाचली जाते. लगतच्या दोन वेढ्यांतील अंतर व्हीसीडीत १·६, डीव्हीडीत ०·७४ व ब्ल्यू-रेत ०·३२ मायक्रोमीटर असते. अंतर जितके कमी तितका लेसर आखूड तरंगलांबीचा लागतो. तो अनुक्रमे ७८०, ६५० व ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. यामुळे एकपदरी डीव्हीडीत ४·७ गिगाबाइट, तर एकपदरी ब्ल्यू-रेत २५ गिगाबाइट माहिती मावते.

संपीडनाची आवश्यकता : डीव्हीडीचे चित्र रंगांची माहिती चौथ्या हिश्श्यावर आणूनही तसेच नोंदविले, तर सेकंदाला सुमारे १२४ मेगाबिट माहिती होते आणि संपूर्ण तबकडी अवघ्या पाच मिनिटांत भरते. जब्बार पटेल दिग्दर्शित डॉ. बाबासाहेब आंबेडकर (२०००) या चित्रपटाची लांबी सुमारे तीन तास आहे. चित्रपटगृहातील सेकंदाला २४ चौकटींचा वेग पाल पद्धतीत २५ होत असल्याने एवढ्या लांबीचा चित्रपट सुमारे १७३ मिनिटांत संपतो. व्हीसीडीवर ७४ मिनिटांचे चित्रण मावते. म्हणून त्यासाठी तीन तबकड्या लागतात. एका एकपदरी डीव्हीडीवर तो बसवावयाचा, तर ध्वनी धरून सेकंदाला सरासरी ३·६ मेगाबिटच वाट्यास येतात.

संपीडनाची पद्धती : ही बचत मुख्यत्वे तीन मार्गांनी साधली जाते. (१) मानवी डोळ्याला उजेड-अंधारातील फरक जितका बारकाईने कळतो तितका रंगातील फरक कळत नाही. म्हणून रंगांची माहिती विरळ ठेवतात. (२) लगतच्या चौकटींत बराच भाग सारखाच असतो. त्यामुळे थोड्या थोड्या अंतराने एक पूर्ण चौकट नोंदवून मधल्या चौकटींसाठी कोणता भाग कोठे सरकला व काय बदलले एवढेच नोंदवितात. (३) चौकटीचे ८ × ८ बिंदूंचे ठोकळे पाडून त्यांतील ठळक छटा व बारीक तपशील गणिताने वेगळे करतात आणि बारीक तपशील स्थूलमानाने नोंदवितात. या गणिती क्रियेस पृथक् कोज्या रूपांतर म्हणतात. नासिर अहमद, टी. नटराजन व के. आर. राव यांनी ती १९७४ मध्ये प्रसिद्ध केली. व्हीसीडी व डीव्हीडी यांच्या एमपेग-१ व एमपेग-२ या मानकांचा ती पाया होय. स्थूलमानाने नोंदविताना गळालेला तपशील मात्र पुन्हा मिळत नाही.

दोष : नागपूर येथे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनी लागणाऱ्या दुकानांतून ध्वनिफितींपाठोपाठ गीतांच्या व भाषणांच्या तबकड्याही विकल्या जाऊ लागल्या. अशा सोहळ्याचे चित्रण हे संपीडनाची कसोटीच असते. व्यासपीठावरील एकटा वक्ता व त्यामागील स्थिर पडदा थोड्या बिटांत नीट नोंदला जातो. कॅमेरा जनसमुदायावरून फिरू लागला की हजारो चेहरे व फडकणारे निळे ध्वज यांमुळे प्रत्येक चौकट जवळजवळ नवीच होते. व्हीसीडीत चित्रासाठी सेकंदाला १·१५ मेगाबिट एवढाच ठराविक वाटा असतो. तो अपुरा पडून चित्र चौकोनी ठोकळ्यांत फुटते व चेहरे पुसट होतात. डीव्हीडीत हा वाटा प्रसंगानुसार कमीजास्त करता येत असल्याने शांत दृश्यांत वाचविलेले बिट गर्दीच्या दृश्यास देता येतात.

२००७ च्या सुमारास मोझर बेअर या भारतीय कंपनीने व्हीसीडी २८ व डीव्हीडी ३४ रुपयांस विकण्यास सुरुवात केल्यावर तबकड्या सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आल्या. बाजारात एकाच तबकडीवर अनेक चित्रपट असलेल्या डीव्हीडीही मिळत. अडीच तासांचे चार चित्रपट एका एकपदरी डीव्हीडीवर बसविल्यास प्रत्येकास ध्वनीसह सेकंदाला सुमारे एकच मेगाबिट मिळतो, म्हणजे व्हीसीडीपेक्षाही कमी. अशा तबकडीवर ७२० × ५७६ ही संख्या खरी असली, तरी तेवढा तपशील तीत नसतो. तसेच व्हीसीडीवरून डीव्हीडी तयार केल्याने चित्र मोठे होते, स्पष्ट होत नाही.

जतन : २०१० नंतरच्या दशकात आंतरजालावरून चित्रपट पाहण्याची सोय वाढल्याने तबकड्यांचा व्यापार ओसरला, परंतु अनेक सभा, गायनाचे कार्यक्रम व विवाहसोहळे यांची एकमेव प्रत घरोघरच्या तबकड्यांवरच आहे. घरी नोंदलेल्या तबकडीत माहिती रंजकद्रव्याच्या थरात असते व तो उष्णतेने आणि प्रकाशाने खराब होतो. उन्हाळ्यात तापमान ४५° से. च्या वर जाणाऱ्या नागपुरात ही हानी अधिक संभवते. म्हणून अशा तबकड्या सावलीत व थंड जागी उभ्या ठेवाव्यात आणि त्यांवरील माहिती वेळीच संगणकावर उतरवून घ्यावी. उतरविताना मूळ अंकीय माहिती जशीच्या तशी घेणे महत्त्वाचे असते. नव्या स्वरूपात पुन्हा संपीडन केल्यास उरलेल्या तपशिलाचाही काही भाग कायमचा नष्ट होतो.