पैसे गेले, जागा उरली
(बेसबॉलची लेखमाला : लेखांक 17)

लक्झरी टॅक्सचा हिशेब या आठवड्यात मांडतो असं कबूल केलं होतं. तो पुढे ढकलतो आहे, कारण मध्ये सांगलीच्या एका वाचकांचं पत्र आलं. ते लिहितात : "मेजर लीगमधला करार पक्का असतो, खेळाडूला काढलं तरी उरलेला सगळा पगार मोजावा लागतो, असं तुम्ही सांगितलंत. मग उतार लागलेल्या खेळाडूला काढतात तरी कशाला? पैसे द्यायचेच आहेत तर निदान खेळवून घ्यावं. आमच्याकडे बैल म्हातारा झाला तरी दारात आहे तोवर हलकं काम घेतातच."

या प्रश्नावर गेली कितीतरी वर्षं मी लोकांशी वाद घालत आलो आहे, त्यामुळे तो मला सोडवेना. बैलाचा दाखला तर फारच नेमका आहे, त्याच्याकडे शेवटी येतो. आधी अल्बर्ट पुहोल्सची गोष्ट सांगायला हवी.

2001 ते 2011 अशी 11 वर्षं तो सेंट लुईस कार्डिनल्सकडून खेळला. सरासरी .328, होमरन 445, तीनदा नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू, दोनदा वर्ल्ड सीरिज. 2011 च्या वर्ल्ड सीरिजमधल्या तिसऱ्या सामन्यात त्याने एकट्याने तीन होमरन मारले. कार्डिनल्स जिंकले आणि त्याच डिसेंबरात तो एंजल्सकडे गेला. 10 वर्षं, 24 कोटी डॉलर. त्यांच्याकडून पहिला सामना खेळला तेव्हा वय 32.

या कराराची बांधणी बघण्यासारखी आहे. 2012 मध्ये 1.2 कोटी डॉलर, मग 1.6, मग 2.3, आणि तिथून दरवर्षी 10 लाखांची भर घालत शेवटच्या, म्हणजे 2021 च्या वर्षी 3 कोटी. आपल्याला हे विचित्र वाटतं, कारण आपण आयपीएल बघतो. चेन्नईने धोनीला 2022 साठी 12 कोटी रुपयांना राखलं होतं. 2025 च्या आधी 4 कोटींना राखलं. वय वाढलं, आकडा उतरला. पुहोल्सचा आकडा मात्र वयाबरोबर चढत गेला. 1.2 कोटी डॉलरची सुरुवात झाली ती तो अजून बऱ्यापैकी तरुण असताना, आणि 3 कोटींचं वर्ष आलं ते एकेचाळिसाव्या वर्षी.

एंजल्सना हे कळत नव्हतं असं नाही. असा करार करताना संघ मनाशी धरूनच चालतो की पहिली चार-पाच वर्षं भरघोस पीक येईल आणि शेवटची वर्षं पडीक जातील. अडचण झाली ती पडीक वर्षं फार लवकर लागली म्हणून. 2013 मध्ये डाव्या पायाच्या तळव्याने दगा दिला आणि जुलैतच हंगाम संपला. पुढे उजव्या पायावर शस्त्रक्रिया झाल्या. बॅटिंगची सगळी ताकद जमिनीतून, पायांतून वर येते. तळवा दुखत असेल तर खांदे कितीही भक्कम असले तरी चेंडू कुंपणाच्या अलीकडेच खाली येतो.

3 जून 2017 ची शनिवारची रात्र. अनाहाइमच्या स्टेडियममध्ये वरच्या मजल्यावर मी बसलो होतो. मिनेसोटाचा एर्विन सांताना पिचर, चौथा डाव, तिन्ही बेस भरलेले, आणि पुहोल्सने कारकिर्दीतला 600 वा होमरन मारला. शेजारचे अनोळखी आजोबा माझा हात धरून उभे राहिले होते. त्या रात्री कोणी मला म्हणालं असतं की याला आता सोडायला हवं, तर मी त्याच्याशी भांडलो असतो.

आणि तरी तेच वर्ष त्याच्या कारकिर्दीतलं तोवरचं सर्वांत वाईट वर्ष होतं. सरासरी .241. बेसवर पोहोचण्याचं प्रमाण .286, म्हणजे शंभरातल्या एकाहत्तर वेळा तो बाद. होमरन 23. मग ही घसरण लोकांना दिसली का नाही? त्याचं कारण 101 हा आकडा. 101 आरबीआय, म्हणजे त्याच्या फटक्यांवर 101 धावा घरी आल्या. शंभर आरबीआय म्हणजे उत्तम हंगाम, हा बेसबॉलमधला जुना समज.

आरबीआयबद्दल माझं मत नियमित वाचकांना ठाऊक आहे, तरी इथे ते पुन्हा मांडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. धाव घरी आणायला आधी बेसवर कोणीतरी असावं लागतं. पुहोल्सच्या आधी बॅटिंगला यायचा माइक ट्राउट, आणि त्या वर्षी ट्राउटचं बेसवर पोहोचण्याचं प्रमाण होतं .442. भरलेल्या विहिरीवर मोट लावली तर पाणी येणारच. त्यात बैलाचं कौतुक किती आणि विहिरीचं किती हे वेगळं काढावं लागतं. पुहोल्सच्या जागी साधारण कुवतीचा कोणीही उभा असता तरी त्याने पुष्कळ धावा आणल्या असत्या. शिवाय ट्राउट बेसवर असताना तो कितीदा बाद झाला, हे आरबीआय कधीच सांगत नाही.

तेव्हा तुलना करायची ती कोणाशी? जुन्या पुहोल्सशी नाही. त्याच्या पगाराशीही नाही. तुलना त्या खेळाडूशी, जो उद्या सकाळी फोन केला तर किमान पगारावर येईल. मायनर लीगमध्ये असे बरेच असतात. बेसबॉलमध्ये याला 'रिप्लेसमेंट' पातळी म्हणतात. अख्खा संघ अशा खेळाडूंचा भरला तर 162 पैकी साधारण 48 सामने जिंकेल, असं धरून ही पातळी आखलेली आहे. या मोजमापात 2017 चा पुहोल्स शून्याच्या बराच खाली होता. म्हणजे 2.6 कोटी डॉलरचा माणूस फुकटात मिळणाऱ्या माणसापेक्षा संघाचं जास्त नुकसान करत होता.

आता पत्रातला मूळ प्रश्न. पैसे द्यायचेच आहेत, मग खेळवायला काय हरकत? मंगल कार्यालयाची अनामत भरली आणि ऐन वेळी कळलं की तिथे पाणी नाही, वीज नाही. अनामत परत मिळणार नाही. म्हणून कोणी लग्न तिथेच लावतं का? गेलेली अनामत दोन्हीकडे गेलेलीच आहे. ठरवायचं असतं ते फक्त पाहुणे कुठे जेवतील एवढंच. पुहोल्सचे पैसे डिसेंबर 2011 मध्येच गेले, सही झाली त्या दिवशी. त्यानंतर एंजल्सच्या हातात एकच गोष्ट उरली होती : संघातली जागा. आज संघात 26 जागा असतात, तेव्हा 25 होत्या. या दावणीला सव्विसावं जनावर बांधलं की सत्ताविसाव्याला बाहेर उभं राहावं लागतं, मग ते कितीही तगडं असो.

विकून का टाकलं नाही, असंही काही जण विचारतात. करारात त्याला बदली नाकारण्याचा पूर्ण हक्क होता, आणि त्या पगारासकट त्याला घेणारं दुसरं कोणी नव्हतंच.

एंजल्सनी त्याला कधी सोडायला हवं होतं? माझं उत्तर 2018 चा हंगाम संपताच. त्या वर्षी मे महिन्यात सिएटलमध्ये त्याने 3000 वा हिट मारला, आणि ऑगस्टअखेर गुडघ्याच्या शस्त्रक्रियेने त्याचा हंगाम संपला. त्याच वर्षी शोहेई ओहतानी जपानहून आला. तो पिचिंग करायचा आणि उरलेल्या दिवशी डेझिग्नेटेड हिटर, म्हणजे क्षेत्ररक्षण न करता नुसती बॅटिंग. ती जागा दुखऱ्या पायांच्या पुहोल्ससाठी सोयीची होती. आता तीही विभागली गेली आणि त्याला पुन्हा फर्स्ट बेसवर उभं राहणं भाग पडलं. सन्मान झाला होता, विक्रम झाला होता, शरीर सांगत होतं. उरलेले 8.7 कोटी डॉलर द्यावेच लागले असते, पण जागा मोकळी झाली असती.

या धंद्यात सर्वांत कठोर माणूस ब्रँच रिकी. योगायोग असा की तोही एकेकाळी कार्डिनल्सचाच कारभार बघायचा. खेळाडूला एक वर्ष उशिरा सोडण्यापेक्षा एक वर्ष आधी सोडलेलं बरं, हे सूत्र त्याच्या नावावर सांगितलं जातं, आणि तो तसा वागायचाही. डिझी डीन हा त्याच्या संघाचा हुकमी पिचर, 1934 मध्ये 30 विजय मिळवणारा. 1937 च्या ऑल-स्टार सामन्यात अर्ल अॅव्हरिलचा सणसणीत फटका डीनच्या पायाच्या बोटावर बसला, बोट मोडलं. ते बरं होण्याआधीच तो खेळायला उतरला, दुखऱ्या पायाला जपताना फेकण्याची ढब बदलली आणि खांदा गेला. 1938 च्या एप्रिलमध्ये रिकीने त्याला शिकागो कब्जला देऊन टाकलं. बदल्यात तीन खेळाडू आणि 1,85,000 डॉलर. त्या काळी ही केवढी तरी रक्कम होती. त्या वर्षी डीनने कब्जसाठी 7 सामने जिंकले, 1 हरला, कब्जनी पेनंट, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकलं आणि रिकी चुकला असं वाटावं अशी स्थिती आली. पण कब्जकडून डीन सगळे मिळून 16 सामने जिंकला. हातात जादू उरली नव्हती, आणि हे रिकीने आधी ओळखलं होतं.

2011 मध्ये कार्डिनल्सनी पुहोल्सच्या बाबतीत तेच केलं. तो हवा होता, पण एंजल्सच्या भावाला नव्हे. तो गेल्याबद्दल भरपाई म्हणून त्यांना पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, 19 वी निवड मिळाली. तिच्यावर त्यांनी मायकल वाका हा कॉलेजातला पिचर घेतला. 2013 मध्ये हाच वाका नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि कार्डिनल्स वर्ल्ड सीरिजला पोहोचले. एंजल्स मात्र पुहोल्स असतानाच्या सगळ्या वर्षांत एकदाच, 2014 मध्ये, प्लेऑफला गेले आणि तिथे एकही सामना जिंकले नाहीत.

मोकळी जागा म्हणजे काय हे न्यूयॉर्क यांकीजनी दाखवलं. अॅलेक्स रॉड्रिगेझ 696 होमरनवर होता आणि पुढच्या वर्षाचा करार बाकी होता, तरी यांकीजनी 12 ऑगस्ट 2016 ला त्याचा शेवटचा सामना खेळवला. दुसऱ्याच दिवशी टायलर ऑस्टिन आणि अॅरन जज हे दोन नवे खेळाडू पहिल्यांदा उतरले आणि दोघांनीही आपल्या पहिल्याच खेपेला, लागोपाठ, होमरन मारले. ऑस्टिन फार टिकला नाही. जज मात्र पुढे मोठा तारा झाला.

एंजल्स मात्र थांबले, 6 मे 2021 पर्यंत. तेव्हा पुहोल्सची सरासरी .198 होती. फर्स्ट बेसवर जॅरेड वॉल्श चांगला खेळत होता, डेझिग्नेटेड हिटरच्या जागी ओहतानी, आणि पुहोल्सला रोज खेळायचं होतं. रोज खेळायला जागा राहिली नव्हती. ज्या उन्हाळ्यात त्याला निरोप मिळाला, त्याच उन्हाळ्यात वॉल्श ऑल-स्टार झाला.

इथे पत्रलेखकांच्या बैलाकडे येतो. पुहोल्स रिकामा झाल्यावर डॉजर्सनी त्याला किमान पगारावर घेतलं; बाकीचा पगार एंजल्सच देत राहिले. डॉजर्सनी त्याला रोज जुंपलं नाही. डावखुरा पिचर असेल तेव्हा मैदानात उतरवायचं, एरवी बसवायचं. 85 सामन्यांत 12 होमरन. पुढच्या वर्षी नॅशनल लीगमध्येही डेझिग्नेटेड हिटर आला, आणि 42 वर्षांचा पुहोल्स 25 लाख डॉलरवर सेंट लुईसला परतला. तिथेही हलकं काम : 109 सामने, तेही निवडून. 24 होमरन. 23 सप्टेंबर 2022 च्या रात्री डॉजर्सच्याच मैदानावर त्याने 699 वा आणि 700 वा असे दोन मारले आणि हंगाम संपताना आकडा होता 703.

तेव्हा पत्रातलं म्हणणं निम्मं खरं आहे. हलकं काम घेता येतं. पण ज्याला दहा वर्षं मधल्या जुवाला जुंपलं, त्याला त्याच गोठ्यात, त्याच पगारावर, बाजूला बांधायला कोणाचं मन धजत नाही. एंजल्सनी त्याला वर्षानुवर्षं मधल्या फळीतच खेळवत ठेवलं. हलकं काम द्यायला गोठा बदलावा लागला.

एक गोष्ट मात्र माझ्या उत्तराला अजून टोचते. 2022 च्या ऑल-स्टार सुट्टीपर्यंत सेंट लुईसमध्ये त्याचे फक्त 6 होमरन झाले होते. उरलेले 18 त्यानंतरचे. 2018 मध्ये त्याला सोडा म्हणणाऱ्या मी त्या जुलैमध्ये कार्डिनल्सनाही तेच सांगितलं असतं. अर्ध्या हंगामाचे आकडे किती विश्वासाचे, यावर एक स्वतंत्र लेख लिहावा लागेल.

त्याआधी लक्झरी टॅक्स. आणि ज्यांनी बॉबी बोनिया या निवृत्त खेळाडूला मेट्सकडून 2035 पर्यंत दर 1 जुलैला पैसे का मिळतात असं विचारलं आहे, त्यांचं उत्तरही त्याच लेखात देईन. ते याच अनामतीचं पुढचं टोक आहे.