पोसतो कोण कोणाला?

एखादे विधान कोणी केले याला विज्ञानात फारसे महत्त्व नसते. ते पुराव्याला उतरते का, हे पाहिले जाते. समाजात ऐकू येणाऱ्या विधानांनाही हीच कसोटी लावता येईल का? आज आपण लावून पाहू. त्यासाठी निवडलेली विधाने आहेत, माणसांना फुकट राबवून घेणाऱ्यांची.

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातील सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके. मुंबईला पाणी पुरवणारी तानसा व भातसा ही धरणे शहापूर तालुक्यातच आहेत. पाऊस भरपूर, पण मुख्य पीक एकच, पावसाळी भाताचे. जुने धान्य संपलेले आणि नवे भात अजून शेतात उभे, असे आषाढ-श्रावणाचे दिवस कातकरी, ठाकूर, वारली कुटुंबांना फार कठीण जात. मग सावकाराकडून खावटी, म्हणजे खाण्यापुरते धान्य, उसने आणायचे आणि राबून फेडायचे. ठाणे जिल्ह्याच्या काही भागांत लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी नवरा-बायको दोघेही सावकाराकडे बांधली जात. अशा गड्याला ‘लग्नगडी’ म्हणत. १९३०च्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन या अधिकाऱ्याने मुंबई सरकारसाठी केलेल्या पाहणीत ही पद्धत नोंदलेली आहे.

महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले. तिकडे माणूस विकत घेतला जाई, इकडे तो कर्जाने बांधला जाई; हा फरक खराच. पण दोन्हीकडच्या धन्यांनी केलेले समर्थन एकाच साच्यातले आहे.

पहिला दावा : “आम्हीच त्यांना पोसतो.” अमेरिकेतील कॅलहून या पुढाऱ्याने १८३७ साली सिनेटमध्ये असे मांडले, की गुलामगिरी उभय पक्षांच्या हिताचीच आहे. आपण गणित करून पाहू. समजा, कर्ज ५०० रुपये आहे. त्यावर वर्षाचे व्याज १०० रुपये आणि घेतलेली खावटी १२० रुपये. वर्षभराच्या राबणुकीचे सावकाराने धरले २०० रुपये. म्हणजे वर्षअखेर कर्ज किती? ५२० रुपये! गड्याने वर्षभर कष्ट केले आणि कर्ज २० रुपयांनी वाढले. भात लावले त्याने, कापले त्याने, झोडलेही त्याने. मग पोसले कोणी कोणाला?

दुसरा दावा : “हे लोक मुळातच आळशी, धाकाशिवाय काम करणार नाहीत.” अमेरिकेत या समजुतीला विज्ञानाचा मुलामा देण्यात आला. कार्टराइट नावाच्या डॉक्टरने १८५१ साली जाहीर केले, की पळून जाणाऱ्या गुलामाला एक रोग झालेला असतो. त्यावर उपाय म्हणून त्याने फटके सुचवले! रोगी कोण होता, हे तुम्हीच ठरवा. ज्या कष्टाचे फळ आपल्याला मिळणारच नाही, ते कष्ट कोण हौसेने करील? आणि गडी खरोखरच निरुपयोगी असेल, तर तो पळाल्यावर त्याला धरून आणण्यासाठी एवढी धडपड का?

तिसरा दावा : “मोकळे सोडले तर त्यांचेच हाल होतील.” अमेरिकेच्या १८४० सालच्या जनगणनेत असे दिसले, की उत्तरेकडच्या स्वतंत्र काळ्या लोकांमध्ये वेडाचे प्रमाण दक्षिणेतील गुलामांपेक्षा कितीतरी पट जास्त आहे. गुलामगिरीच्या समर्थकांना आयताच आधार मिळाला. एडवर्ड जार्व्हिस या डॉक्टरने मात्र ते आकडे गावागावांशी ताडून पाहिले. काही गावांत काळा माणूस एकही नव्हता, तरी काळे वेडे नोंदलेले होते! वुस्टर गावचे १३३ ‘काळे वेडे’ तर तिथल्या इस्पितळातील गोरे रुग्ण निघाले. चूक दाखवून दिल्यावरही १८४४ साली कॅलहूनने तेच आकडे पुढे केले. जो आकडा आपल्या सोयीचा, तो अधिक काळजीने तपासावा, हा धडा विज्ञानाच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावा असा आहे.

चौथा दावा : “त्याने कर्ज स्वखुशीने घेतले.” भुकेल्या माणसापुढे उपासमार आणि कर्ज एवढे दोनच मार्ग असतील, तर त्याला खुशी म्हणायचे का? सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली स्पष्ट केले, की गरिबीमुळे किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यावर काम करावे लागणे हीदेखील सक्तीच होय.

बांधलेल्या माणसांचे स्वतःचे म्हणणे काय होते? जानेवारी १९४५ मध्ये शेजारच्या टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. त्याच वर्षी गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या साथीने उंबरगाव-डहाणू भागातील वारली वेठीविरुद्ध उभे राहिले. उंबरगाव आता गुजरातेत आणि डहाणू २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. पुढे १९७६ साली वेठबिगार पद्धत निर्मूलन कायदा झाला आणि तो २५ ऑक्टोबर १९७५ पासून लागू धरला गेला. त्याने वेठीची कर्जे रद्द केली. त्यातील एक कलम आपल्या विषयाला अगदी जवळचे आहे : ‘हे कर्ज वेठीचे आहे’ असे मजुराने म्हटले, तर तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी धनकोवर असते. ज्याचा फायदा, त्यानेच पुरावा द्यावा!

कायदा झाला तरी काम संपलेले नाही. पावसाळ्यात घेतलेल्या उचलीपोटी, म्हणजेच बयाण्यापोटी, दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. त्यांच्याबरोबर मुलेही जातात. तुमच्याही वर्गात अशी बाके रिकामी होत असतील. कारण विचाराल, तेव्हा कोणी सांगेल, “त्यांना शिक्षणाची आवडच नाही.” हा पाचवा दावा समजा. वर्षअखेरीचा हिशोब कोण लिहितो, मोकळे होण्याची वाट आहे का आणि असे म्हणणाऱ्याचा फायदा कशात आहे, हे तीन प्रश्न वहीत लिहून घ्या आणि हा दावा तुम्हीच तपासा. मात्र ती मुले गावी परततील, तेव्हा त्यांनाही विचारायला विसरू नका.