नसलेल्या गांवाची नभोवाणी

वाळवंटांतील एका लहानशा गांवीं कुत्र्यांसाठीं नवें उद्यान उघडतें. गांवच्या नभोवाणी-केंद्राचा निवेदक ती बातमी शांतपणें देतो आणि नगरपालिकेच्या सूचना वाचून दाखवितो. ह्या उद्यानांत कुत्र्यांना प्रवेश नाहीं. माणसांनाहि नाहीं. तेथें डोक्यावरून झगे ओढलेल्या आकृती आढळल्यास कोणीं त्यांच्या जवळ जाऊं नये. एवढें सांगून निवेदक पुढील बातमीकडे वळतो. ‘वेलकम टू नाइट व्हेल’ ह्या अमेरिकन श्राव्य मालिकेचा पहिला भाग १५ जून २०१२ रोजीं प्रसृत झाला, त्याचा आरंभ हा असा आहे. ऐकणारा प्रथम हंसतो, मग किंचित् चपापतो, आणि अर्धा तास सरतो न सरतो तोंच त्याचा हात दुसऱ्या भागाकडे वळलेला असतो.

अशा विलक्षण गोष्टीचें एवढें वेड कां लागावें, हें समजण्यास प्रथम तिचें साधन समजून घेतलें पाहिजे. पॉडकास्ट म्हणजे इंटरनेटवर ठेवलेलें ध्वनिमुद्रण. नभोवाणीचा कार्यक्रम नेमलेल्या वेळीं होतो. ती वेळ चुकली कीं तो सहसा चुकलाच. पॉडकास्टचा भाग मात्र जागच्या जागीं राहतो, आणि नवा भाग निघतांच नांव नोंदविलेल्या श्रोत्याच्या यंत्राकडे तो आपण होऊन येतो. ‘आयपॉड’ हें खिशांत मावणारें गाणीं ऐकण्याचें यंत्र आणि ध्वनिक्षेपण ह्या अर्थाचा ‘ब्रॉडकास्ट’ हा शब्द ह्यांच्या जोडणीनें हें नांव २००४ सालीं सुचविलें गेलें.

‘नाइट व्हेल’ ही मालिका जोसेफ फिंक आणि जेफ्री क्रेनर ह्या दोन लेखकांनीं रचली. निवेदकाचा आवाज सेसिल बाल्डविन ह्या नटाचा. कथेंतील निवेदकाचें नांवहि सेसिलच. महिन्याच्या पहिल्या व पंधराव्या तारखेस एकेक भाग, असा तिचा नेम. फार मोठा नटसंच नाहीं, कीं भपकेबाज ध्वनियोजना नाहीं. बहुतेक भागांत एकच आवाज आणि त्यामागें मंद संगीत. तरीहि एक वर्ष उलटल्यावर, जुलै २०१३ मध्यें, आयट्यून्सच्या यादींत ती अग्रस्थानीं गेली. ही कीर्ति मुख्यत्वें तरुण श्रोत्यांनीं तोंडोंतोंडीं पसरविली. पुढें रंगमंचावर तिचे प्रयोग झाले, आणि २०१५ सालीं कादंबरीहि निघाली.

ह्या मोहिनीचें पहिलें कारण म्हणजे कथेचा सांचा. तो अगदीं ओळखीचा आहे. गांवच्या बातम्या, सरकारी सूचना, रहदारीची वार्ता, पुरस्कर्त्यांच्या जाहिराती, हवामान. आणि शेवटीं श्रोत्यांस शुभरात्र. भांडें रोजच्या वापरांतलें, आंत शिजलेलें अन्न मात्र कधींहि न चाखलेलें. हवामानाची वेळ येते तेव्हां अंदाजाऐवजीं एक संपूर्ण गाणें लागतें, आणि कांहीं भाग ऐकल्यावर श्रोत्यास तेंहि सरळ वाटूं लागतें. परक्या गांवांत पाऊल टाकतांना हाताशीं ओळखीची काठी असावी, तसा हा सांचा श्रोत्यास आधार देतो.

दुसरें कारण कानाच्या स्वभावांत आहे. चित्रपटांत भुताचा चेहरा एकदां दिसला कीं त्याचें भय मोजमापांत येतें. ध्वनि केवळ सूचना देतो. चित्र रंगविण्याचें काम श्रोत्याचें. सेसिल दिसतो कसा, हें मालिकेनें मुद्दामच नीट सांगितलें नाहीं. त्यामुळें ज्यांनीं त्याचीं चित्रें काढलीं, त्यांनीं तीं नाना तऱ्हांचीं काढलीं. ज्या कथेंत स्वतःची मेहनत पडली, ती माणसास आपली वाटते.

तिसरें कारण अपुरेपणा. पहिल्या भागांत कार्लोस नांवाचा शास्त्रज्ञ गांवांत येतो. भूकंपमापक यंत्रें प्रचंड हादरे दाखवीत आहेत, पण जमीन हललेली कोणासच जाणवत नाहीं, असें त्यास आढळतें. उलगडा न होतां वार्तापत्र पुढें सरकतें. मात्र सर्वच धागे असे तुटत नाहींत. डेना नांवाची एक उमेदवार मुलगी नभोवाणी-केंद्रांत काम करीत असतां त्याच निषिद्ध उद्यानांत अडकून पडते, आणि कित्येक भागांनंतर ती गांवची महापौर होते. कोणता धागा तुटेल आणि कोणता गांठीस लागेल हें कळत नाहीं, म्हणूनच श्रोता एकहि धागा सोडावयास तयार होत नाहीं.

वार्तापत्राच्या वेषांत कल्पित कथा सांगण्याची युक्ति मात्र नवी नव्हे. ३० ऑक्टोबर १९३८ रोजीं ऑर्सन वेल्स ह्यानें एच. जी. वेल्सच्या कादंबरीवरून मंगळवासीयांच्या स्वारीची श्रुतिका कोलंबिया कंपनीच्या जाळ्यावरून सादर केली. चाललेलें संगीत मध्येंच थांबवून बातम्या सांगितल्या गेल्या, आणि कांहीं श्रोते खरोखरच घाबरले. वृत्तपत्रांनीं तो गोंधळ बराच फुगवून छापला, असें पुढील अभ्यासकांचें मत आहे. तेथें धोका होता तो खोटें खरें वाटण्याचा. ‘नाइट व्हेल’ कोणासहि खरें वाटत नाहीं. तिची पकड निराळ्या जागीं आहे.

ती जागा म्हणजे विपरीत गोष्ट अंगवळणी पडण्याची माणसाची खोड. दुसऱ्या भागांत एक प्रकाशमान ढग गांवावर येतो आणि त्यांतून मेलेलीं जनावरें पडूं लागतात. तोच ढग पुढें शाळामंडळाचा अध्यक्ष होतो! देवदूत एका वृद्धेच्या घरचा दिवा बदलून देतात. पण ते आहेत असें मान्य करण्यास अधिकाऱ्यांची मनाई. डोळ्यांना दिसतें तें तोंडानें नाकारावयाचें, आणि निवेदकाच्या मधुर स्वरामुळें त्यांत कांहीं वावगेंहि वाटावयाचें नाहीं! येथें हंसणाऱ्याच्या मनांत नकळत प्रश्न उभा राहतो: आपल्या गांवींहि केवळ स्वर शांत होता म्हणून किती विपरीत गोष्टी निमूटपणें ऐकून घेतल्या गेल्या? आवाजावर बसणारा विश्वास आणि त्यांतील मजकुराचा खरेपणा ह्या दोन निरनिराळ्या वस्तु आहेत. हा धडा ही मालिका उपदेशाचा एक शब्दहि न उच्चारतां देते.

ह्या छंदास दुसरी बाजूहि आहे. भाग साठलेले असल्यामुळें एक संपला कीं दुसरा, दुसरा संपला कीं तिसरा, असें करतां करतां मध्यरात्र उलटते. एकट्या राहणाऱ्या तरुणास सेसिलचा आवाज मित्रासारखा वाटूं लागतो. त्यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. रात्रीच्या नभोवाणीनें पुष्कळ एकाकी खोल्यांना सोबत दिली आहे. परंतु हा मित्र बोलतो, ऐकत नाहीं. ज्यांनीं ही मालिका एकमेकांस ऐकविली, तिच्यावर वाद घातले, चित्रें काढलीं, त्यांस तिनें खरे मित्रहि मिळवून दिले. जे केवळ ऐकतच राहिले, त्यांच्या पदरीं जागरण आलें.

म्हणून वडीलधाऱ्यांनीं मुलांच्या कानांतील यंत्र हिसकावून घेण्यापेक्षां एखादा भाग त्यांच्याशेजारीं बसून ऐकावा, आणि संपल्यावर काय खटकलें तें एकमेकांस विचारावें. कर्त्यांनीं दोन भागांमध्यें पंधरवड्याचें अंतर ठेवलें आहे. तेवढा धीर श्रोत्यानेंहि धरला, तर विचित्र कथेची गोडी राहील आणि झोंपहि राहील.